‘स्पेन फेस्टिव्हल टूर’: माहितीपत्रकातला सण प्रत्यक्षात किती पदरात पडतो?

दादर, पार्ले, ठाणे इथल्या टूर कंपन्यांच्या माहितीपत्रकांवर आता स्पेनच्या सणांची नावं ठळक अक्षरांत दिसतात. फायास स्पेशल, टोमाटीना आणि बार्सिलोना, सेव्हिलचा होली वीक, ख्रिसमस स्पेन. पानं उलटली की कार्यक्रम मात्र ओळखीचा: माद्रिद, तोलेदो, सेव्हिल, ग्रानादा, बार्सिलोना, आणि सण कुठेतरी अर्ध्या दिवसात कोंबलेला. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीचं नाही, या प्रकारच्या पॅकेजचं आहे. निकाल आधीच सांगते: मार्चमधलं व्हॅलेन्सिया (फायास) आणि सप्टेंबरमधलं बार्सिलोना (मेर्से) यांना पैसे मोजावेत. सेव्हिलच्या एप्रिल फेरियासाठी (जत्रेसाठी) जादा पैसे देऊ नयेत. बाकीचं तुमच्या गुडघ्यांवर आणि पहाटे उठण्याच्या तयारीवर.

फायासपासून सुरुवात करू, कारण ग्रुप टूरमध्ये नीट बसू शकेल असा हा एकच मोठा सण आहे आणि तरीही तो सर्रास वाया घालवला जातो. मुख्य दिवस १५ ते १९ मार्च. चौकाचौकांत उभे केलेले भव्य, उपहासात्मक पुतळे १६ तारखेच्या सकाळपर्यंत पूर्ण होतात. १७ आणि १८ ला पारंपरिक पोशाखातल्या हजारो बायका-मुली मेरीमातेला फुलं वाहायला मिरवणुकीने येतात, आणि १९ च्या रात्री पुतळे जाळले जातात. मुलांसाठी केलेले छोटे पुतळे रात्री ८ ला, मोठे १० ला, नगरपालिकेच्या चौकातला सगळ्यात शेवटी ११ च्या सुमारास. आता पॅकेजचं वेळापत्रक पाहा: साडेसातला इंडियन रेस्टॉरंटमध्ये जेवण, नऊला कोचने शहराबाहेरच्या हॉटेलात. ज्यासाठी आलात ते टीव्हीवर! त्यामुळे बुकिंग करताना पहिला प्रश्न हा: १९ ची रात्र व्हॅलेन्सियात आहे का, आणि हॉटेल जुन्या शहरापासून पायी किती मिनिटांवर? या दिवसांत मध्यभागातले रस्ते वाहनांना बंद असतात, कोच आत येत नाही. ‘व्हॅलेन्सिया परिसरात मुक्काम’ असं लिहिलं असेल तर जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं ते लेखी मागा.

दुपारी २ ची मास्क्लेता हा दुसरा चुकवू नये असा प्रकार. १ ते १९ मार्च रोज नगरपालिकेच्या चौकात पाच-सात मिनिटं फटाक्यांची लयबद्ध माळ उडवतात. शोभा डोळ्यांपेक्षा कानांची आणि छातीची. शेवटच्या मिनिटाला जमीन थरथरते. चौक एक वाजेपर्यंत भरलेला असतो, तासभर उभं राहावं लागतं, मध्येच बाहेर पडता येत नाही. तिथले लोक तोंड किंचित उघडं ठेवायला सांगतात, म्हणजे कानांवरचा दाब कमी होतो. ज्यांना कानाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी शेजारच्या रस्त्यावरून ऐकावं. सकाळी ८ लाच गल्लोगल्ली फटाके सुरू होतात, तेव्हा ‘निवांत नाश्ता’ हे माहितीपत्रकातलं वाक्य विसरा. शाकाहारी मंडळींची सोय रस्त्यावरच होते: लाल भोपळ्याचे तळलेले बुन्युएलो आणि घट्ट गरम चॉकलेट. पाएया मात्र विचारूनच घ्या. मूळ व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो. भाज्यांची मिळते, पण तिच्यातलं पाणी कशाचं आहे हेही विचारायचं.

टोमाटीना ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, व्हॅलेन्सियाच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवरच्या बुन्योल गावात. २०२६ मध्ये ती तारीख २६ ऑगस्ट. हिंदी सिनेमाने हा सण आपल्याकडे इतका लोकप्रिय केला की ‘ऑगस्ट एंड स्पेन’ एवढंच छापूनही पॅकेज खपतं, आणि त्यातल्या काहींमध्ये तो बुधवार माद्रिदला असतो. २०१३ पासून प्रवेशाला तिकीट लागतं. ते पॅकेजमध्ये धरलंय की ऑप्शनल म्हणून वेगळं, ते बघा. खेळ एक तासाचा: १२ ला तोफेसारखा आवाज, १ ला दुसरा, त्यानंतर एकही टोमॅटो फेकायचा नाही. फेकण्याआधी टोमॅटो हातात दाबून फोडायचा असा नियमच आहे. पोहण्याचा चष्मा आणि बंद, घट्ट बसणारे बूट हवेत. चप्पल पहिल्या पाच मिनिटांत जाते. कपडे परतीच्या बसमध्ये बसण्याइतके कोरडे होत नाहीत, म्हणून जादा जोडी आणि प्लॅस्टिकची पिशवी. साठीच्या पुढच्यांना घेऊन जाण्यासारखी ही जागा नाही.

पाम्प्लोनाचा सान फर्मिन ६ ते १४ जुलै. बैलांची धाव ७ ते १४ रोज सकाळी ८ ला, अंतर साधारण ८७५ मीटर, वेळ दोन-तीन मिनिटं. पॅकेजवाले मुक्काम सान सेबास्तियानला देतात, म्हणजे कोचने तासाभरापेक्षा जास्त. कुंपणाला दोन रांगा असतात. आतली पोलीस आणि वैद्यकीय पथकासाठी, बाहेरची प्रेक्षकांसाठी, आणि तिथे साडेसहालाच जागा उरत नाही. हॉटेलचा नाश्ता करून निघणारा ग्रुप पाठमोरी डोकी बघून परततो. पैसे टाकायचेच तर भाड्याची बाल्कनी घ्या आणि ती धावमार्गाच्या कोणत्या भागावर उघडते ते विचारा. तेच बैल संध्याकाळी रिंगणात मारले जातात, हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं.

सेव्हिलच्या होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, मिरवणुकीच्या अधिकृत मार्गावरच्या खुर्च्या बहुतांश वार्षिक सदस्यांच्या असतात. ‘रिझर्व्ह्ड सीटिंग’ छापलं असेल तर कोणत्या दिवशी, कोणत्या चौकात ते लेखी घ्या. फेरियाचं दुखणं वेगळं: हजाराहून जास्त मंडपांपैकी बहुतेक खासगी. ओळखीशिवाय आत प्रवेश नाही, आणि पॅकेजमधली ‘फेरिया व्हिजिट’ म्हणजे घोडागाड्या बघत धुळीतली रपेट.

बार्सिलोनाच्या मेर्से उत्सवाकडे, २४ सप्टेंबरच्या आसपास, आपल्या कंपन्यांचं फारसं लक्ष जात नाही, याचं नवल वाटतं. सान्त जाउमे चौकात तिथली पथकं माणसांचे मनोरे रचतात, ज्यांना २०१० मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली. गोविंदा पथकाला यात लगेच गोडी लागेल: खाली घट्ट गर्दीचा पाया, वर हेल्मेट घातलेलं मूल, कमरेला गुंडाळलेला लांब पट्टा, ज्यावर पाय देऊन वरचे चढतात. हंडी नसते. मुलाने हात वर केला की मनोरा रचला गेला. पण तो कोसळू न देता थर उतरवले, तरच पूर्ण यश. प्रवेश फुकट, फक्त लवकर पोचायचं.

सुट्ट्यांच्या बाबतीत सगळ्याच पॅकेजांचा गृहपाठ कच्चा. स्पेनमध्ये वर्षाला जास्तीत जास्त १४ सार्वजनिक सुट्ट्या, त्यातल्या २ शहराच्या. १५ मे ला माद्रिद बंद, बार्सिलोना चालू. प्रादो संग्रहालय १ जानेवारी, १ मे आणि २५ डिसेंबरला बंद. ग्रानादाचा अलहाम्ब्रा राजवाडा १ जानेवारी आणि २५ डिसेंबरला. ६ आणि ८ डिसेंबरच्या सुट्ट्यांना जोडून लोक मधला दिवस घेतात. २०२६ मध्ये त्या रविवारी आणि मंगळवारी येतात, म्हणजे त्या आठवड्यात रेल्वे आणि हॉटेलं दोन्ही महाग. ख्रिसमस पॅकेज २-३ जानेवारीला मुंबईला परत आणतं, तर तिथल्या मुलांच्या भेटवस्तूंचा दिवस ६ जानेवारी, आणि येशूच्या जन्मकथेतल्या तीन राजांची मिरवणूक ५ च्या संध्याकाळी. ३१ च्या रात्री माद्रिदच्या पुएर्ता देल सोलमध्ये घड्याळाच्या ठोक्याला एक अशी १२ द्राक्षं खातात; आधीचे जोडठोके ऐकून सुरुवात केलीत तर शेवटी हात रिकामा राहतो. गर्दी नको असेल तर ३० च्या मध्यरात्री तालीम असते, ती बघा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिने ते पंधरा दिवस या काळात करता येतो. म्हणजे फायाससाठी सप्टेंबरच्या मध्यापासून. व्हिसा नाकारला गेला तर किती परत मिळेल, आणि सणाचं तिकीट त्यात धरलंय का, या दोन गोष्टी आगाऊ रक्कम भरण्याआधी लिहून घ्या.