गॅलिका : झोलाची पत्रकारिता मूळ पानावर वाचायची सोय

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘गॅलिका’ हे डिजिटल ग्रंथालय १९९७पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, वाचण्यासाठी खातं उघडावं लागत नाही. पुस्तकं, हस्तलिखितं, नकाशे असं बरंच काही तिथे आहे. हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे : एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला याचा वर्तमानपत्रांतला वावर मूळ अंकांवरून वाचायचा असेल, तर गॅलिका कितपत उपयोगी पडतं?

झोलाच्या लेखांचे संग्रह सहज मिळतात. संग्रहात लेख मिळतो, पण तो कुठे थांबला आणि का थांबला हे दिसत नाही. झोलाच्या बाबतीत तेच महत्त्वाचं आहे. १८६६मध्ये ‘लेव्हेनमाँ’ या पत्रात त्याने एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराची बाजू घेतली. वर्गणीदार चिडले आणि लेखमाला अर्ध्यात बंद झाली. १८७६मध्ये दारू आणि दारिद्र्यावरची ‘लासोम्वार’ ही कादंबरी ‘ल बियँ प्युब्लिक’मध्ये क्रमशः येत होती, तीही वाचकांच्या ओरड्यामुळे जूनमध्ये थांबली आणि जुलैपासून ‘ला रेप्युब्लिक दे लेत्र’ या दुसऱ्याच पत्रात पुढे सुरू झाली. १८९७मध्ये पुन्हा तेच. ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा झाली होती. त्या प्रकरणावर ‘ल फिगारो’त (Le Figaro) २५ नोव्हेंबर, १ डिसेंबर आणि ५ डिसेंबर असे तीन लेख आले. मग वर्गणी तोडणाऱ्यांच्या दबावापुढे त्या पत्राने माघार घेतली. त्यानंतरची दोन जाहीर पत्रं झोलाने स्वतंत्र पुस्तिका म्हणून काढली आणि मग तो ‘लोरोर’ (L'Aurore) या वर्तमानपत्राकडे गेला. हा माणूस वर्तमानपत्रांतून वारंवार बाहेर ढकलला गेला, आणि ते समजायला तारखेवार अंक चाळण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

सुरुवात शोधपेटीपासून करू नका. झोलाचं नाव टाकलं की निकालांचा ढीग पडतो. त्यात कादंबऱ्यांच्या आवृत्त्या, चित्रं, दुसऱ्यांची पुस्तकं सगळं मिसळलेलं असतं. वर्तमानपत्रांच्या विभागात जा, पत्राचं नाव रोमन लिपीत शोधा आणि त्या पत्राचं मुख्य पान उघडा. तिथे वर्षांची यादी असते. वर्ष निवडलं की दिनदर्शिका येते. ज्या दिवसांचे अंक आहेत ते दिवस ठळक दिसतात. १८९८, जानेवारी, १३ असं गेलं की ‘लोरोर’चा ८७वा अंक समोर येतो. किंमत पाच सांतीम. मेन्यू फ्रेंच असले तरी इंग्रजीचा पर्याय आहे.

हा अंक आधी आख्खं पान पडद्यावर मावेल असा पाहा. पानभर आडवा गेलेला तो मथळा, ‘जाक्यूझ’, म्हणजे ‘मी आरोप करतो’, हे संपादकीय काम आहे. झोलाने लिहिलं होतं ड्रेफस प्रकरणावर राष्ट्राध्यक्षांना उद्देशून पत्र. मथळा ‘लोरोर’मध्ये लिहिणाऱ्या ज्यॉर्ज क्लेमांसो या राजकारण्याने सुचवला. मूळ शीर्षक त्याखाली लहान अक्षरांत आहे. पुस्तकात दोन्ही शीर्षकं एकाखाली एक शांतपणे बसतात. पानावर मात्र त्या एका शब्दाने बाकीचं सगळं दाबून टाकलेलं दिसतं, आणि सुमारे तीन लाख प्रती रस्त्यावर का विकल्या गेल्या ते कळतं. मजकूर पहिलं पान भरून दुसऱ्या पानावर जातो. प्रसिद्ध आरोपांची मालिका आणि सही तिथे आहे. पहिल्याच पानाचं चित्र उतरवून घेणाऱ्यांच्या हातून नेमका शेवट सुटतो. त्या शेवटात झोला स्वतःच सांगतो की २९ जुलै १८८१च्या मुद्रण कायद्यातील ३० आणि ३१ या कलमांखाली आपण बदनामीच्या खटल्याला पात्र ठरतो, आणि हे आपण जाणूनबुजून करतो आहोत. एका वर्षाची कैद आणि ३,००० फ्रँक दंड ही शिक्षा २३ फेब्रुवारीला झाली.

आता दोष. गॅलिकावर वाचण्याचे दोन प्रकार आहेत : पानाचं चित्र, आणि यंत्राने ओळखलेला मजकूर. या मजकुरावर विसंबू नका. त्या काळच्या वर्तमानपत्रात सहा-सहा अरुंद स्तंभ असतात आणि मध्ये फक्त एक बारीक रेघ. यंत्र ती रेघ चुकवतं आणि दोन स्तंभांच्या ओळी एकमेकांत घुसवतं. पुष्कळ अंक मायक्रोफिल्मवरून स्कॅन झालेत, त्यामुळे राखाडी छटा गेल्या आहेत. घडीवरच्या ओळी काळ्या पडतात आणि मागच्या पानाची शाई पुढे उमटते. परिणाम असा की एखाद्या शब्दाचा शोध रिकामा आला म्हणजे तो शब्द अंकात नाही, असं मुळीच नाही. तारीख माहीत असेल तर शोधापेक्षा दिनदर्शिका भरवशाची.

फ्रेंच येत नसेल तर हाच मजकूर भाषांतराच्या साधनात टाकावा लागतो, आणि मिसळलेल्या ओळींचं भाषांतर निरर्थक येतं. उपाय जरा कष्टाचा आहे. पानाचं चित्र एका खिडकीत ठेवा, मजकूर दुसऱ्या खिडकीत, आणि एका वेळी एका स्तंभाचा एकच परिच्छेद ताडून उचला. ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द हाताने जोडा. जोडरेघ तशीच राहिली की भाषांतर तिथेच घसरतं. क्रमशः कादंबरी शोधताना पानाच्या तळाशी बघा. आडव्या रेघेखालची ती पट्टी कादंबरीसाठीच राखलेली असे. खाणकामगारांच्या संपावरची ‘जर्मिनाल’ ही कादंबरी नोव्हेंबर १८८४ ते फेब्रुवारी १८८५ या काळात ‘जिल ब्ला’ (Gil Blas) या दैनिकात अशीच आली.

‘जर्मिनाल’साठी गॅलिकावर याहून मोलाची गोष्ट आहे : झोलाच्या पूर्वतयारीच्या वह्या. फेब्रुवारी १८८४मध्ये उत्तर फ्रान्समधल्या आंझँच्या कोळसा खाणींत संप चालू असताना तो तिथे गेला, खाणीत उतरला, घरं आणि मजुरी यांची टिपणं केली. ही टिपणं हस्तलिखित विभागात १०३०७ आणि १०३०८ या क्रमांकांच्या दोन खंडांत आहेत. चित्रं उत्तम, झोलाचं अक्षरही बऱ्यापैकी सुवाच्य. पण हस्तलिखितात शब्दशोध चालत नाही. पान पान उलटावं लागतं. वार्तांकन आधी आणि कादंबरी नंतर, हा त्याचा क्रम इथे डोळ्यांनी दिसतो. सामाजिक कादंबरी लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही टिपणं एकदा तरी उघडावीत असं मला मनापासून वाटतं.

ड्रेफस प्रकरणातले झोलाचे विरोधकही वाचा, नाहीतर चित्र एकांगी राहतं. ज्यूद्वेष्ट्या द्र्युमाँचं ‘ला लिब्र पारोल’ (La Libre Parole), रोशफोरचं ‘लँत्रांसिजाँ’ (L'Intransigeant), कॅथलिकांचं ‘ला क्र्वा’ (La Croix) ही पत्रं इथेच आहेत. ‘ल पती जुर्नाल’ने मे १८९८मध्ये झोलाच्या मृत वडिलांवर चिखलफेक केली, तो मजकूर वाचताना लोकप्रिय वर्तमानपत्र किती खाली जाऊ शकतं ते समजतं. तारखांची एक गफलत टाळा : ‘ल ताँ’सारखं सायंदैनिक दुसऱ्या दिवसाची तारीख छापत असे. १३ जानेवारीच्या संध्याकाळची प्रतिक्रिया त्यामुळे १४ तारखेच्या अंकात शोधायची.

उतरवून घेण्याची सोय चांगली आहे. पूर्ण अंक पीडीएफमध्ये, एकेक पान जेपेगमध्ये किंवा नुसता मजकूर असे पर्याय मिळतात. अटी मान्य असल्याची खूण करावी लागते. वाचनासाठी पीडीएफ पुरते, पण बारीक अक्षरं छापून घ्यायची असतील तर एकेक पान जेपेगमध्येच घ्या. मोबाइलवर मोठी पानं जड जातात आणि सहा स्तंभांत बोट हरवतं. संगणक किंवा मोठा टॅब हवा. पत्ता नोंदवताना ब्राउझरच्या पट्टीतली लांबलचक ओळ न घेता ‘आर्क’ने (ark) सुरू होणारा स्थायी क्रमांक घ्या. त्याच्यापुढे तिरकी रेघ, एफ (f) आणि पानाचा आकडा जोडला की थेट त्याच पानावर जाता येतं. ‘लोरोर’साठी एफ१ आणि एफ२ असे दोन्ही दुवे लिहून ठेवा.

जुन्या सार्वजनिक मालकीच्या साहित्याची चित्रं बिगरव्यावसायिक कामासाठी श्रेय देऊन फुकट वापरता येतात. विक्रीच्या पुस्तकात किंवा मुखपृष्ठावर ‘जाक्यूझ’चं पान छापायचं असेल, तर ग्रंथालयाचे व्यावसायिक वापराचे नियम आणि दर आधी तपासा, कारण तिथे वेगळा परवाना लागू शकतो. ग्रंथालयाची ‘रेत्रोन्यूज’ नावाची जुन्या वर्तमानपत्रांची वेगळी सेवाही आहे, पण तिथल्या बऱ्याच सोयी वर्गणीदारांसाठी आहेत. झोलापुरतं बोलायचं तर ‘लोरोर’, ‘फिगारो’ आणि ‘जिल ब्ला’ गॅलिकावर असताना सुरुवातीलाच ती वर्गणी भरायचं कारण नाही.