आधी कुठली ऐकावी: मर्सिफुल फेटची पहिली ईपी की स्लेयरची ‘हाँटिंग द चॅपल’?

जुनं, काळोखं हेवी मेटल ऐकायचंय, पण चाळीस मिनिटांचा अख्खा अल्बम एकदम अंगावर घ्यायचा नाही, असं असेल तर या दोन ईपींपैकी, म्हणजे अल्बमहून छोट्या, तीन-चार गाण्यांच्या तबकड्यांपैकी, एक निवडा. एक डेन्मार्कच्या मर्सिफुल फेटची, १९८२ची, चार गाण्यांची. तिला वेगळं नावच नाही, बँडचं नाव तेच तिचं. दुसरी कॅलिफोर्नियाच्या स्लेयरची ‘हाँटिंग द चॅपल’, १९८४ची, तीन गाण्यांची. पहिली वीस-बावीस मिनिटं चालते, दुसरी चौदाच्या आत आटपते. माझा कौल आधीच सांगून टाकतो: मर्सिफुल फेट.

कारण त्यांचा गायक किंग डायमंड याचा आवाज. एक ओळ तो थेट तार सप्तकात, किंचाळीच्या काठावर गातो आणि पुढचीच ओळ छातीतून, खर्जात खेचून आणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खरोखर वाटलं होतं की गायक दोन आहेत. हा आवाज गोष्ट सांगतो. भूत बोलतंय की भुताने पछाडलेला माणूस, हे नुसत्या पट्टीवरून कळतं.

त्याच्या मागे हँक शर्मन आणि मायकल डेनर यांच्या गिटार आहेत. ‘अ कॉर्प्स विदाउट सोल’ हे जवळजवळ सात मिनिटांचं गाणं नीट ऐका. एखादी रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, ओळखीची होतेय न होतेय तोच दुसरी सुरू होते. दुसऱ्या एखाद्या बँडने एवढ्या ऐवजात तीन गाणी केली असती. आणि मध्यावर गाडी एकदम थांबल्यासारखी होते. लय निम्म्यावर उतरते, गिटार जडशीळ होतात आणि आतापर्यंत वर उडणारा आवाज आपल्याला उद्देशून, सावकाश, एकेक शब्द टाकत बोलू लागतो. मेलेला माणूस स्वतःची ओळख करून देतो. या जागी माझ्या अंगावर आजही काटा येतो. मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडने १९९८मध्ये मर्सिफुल फेटच्या गाण्यांची जी लांबलचक मालिका रेकॉर्ड केली, तिच्यात या गाण्याचाही तुकडा आहे.

ही ईपी हॉलंडमध्ये अवघ्या दोन दिवसांत रेकॉर्ड झाली आणि ते ऐकू येतं. नंतर घासून-पुसून घ्यायला वेळच नव्हता. टिमी हॅन्सनची बेस गिटार बाकीच्या गिटारच्या मागे न लपता आपल्या वाटेने चालते. पुढच्याच वर्षीच्या ‘मेलिसा’ या अल्बममध्ये हीच पाच माणसं जास्त सफाईने वाजवतात. तो अल्बम थोर आहेच, पण हा कच्चेपणा तिथे नाही.

स्लेयरकडे गोष्ट नाही, मारा आहे. ज्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तिथे ड्रमखाली गालिचा नव्हता. डेव्ह लोंबार्डो इतक्या जोरात वाजवत होता की ड्रम जमिनीवर सरकत जायचे. मग ‘केमिकल वॉरफेअर’ रेकॉर्ड होत असताना जीन होग्लन, जो पुढे स्वतः नावाजलेला ड्रमर झाला, ते ड्रम हातांनी धरून बसला होता. हे कळल्यावर ते गाणं परत लावा, ती धडपड कानाला जाणवते. गायक टॉम अराया गात नाही, शब्द झाडतो. केरी किंग आणि जेफ हॅनमन यांचे गिटार सोलो सुरेलपणाच्या भानगडीत पडत नाहीत, चरे ओढल्यासारखे येतात आणि संपतात. त्याआधीच्या ‘शो नो मर्सी’ या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये आयर्न मेडन आणि जुडास प्रीस्ट या ब्रिटिश बँडची छाप स्पष्ट ऐकू येते. इथे काही महिन्यांत ती कात टाकलेली आहे.

मग ती दुसऱ्या नंबरवर का? कारण स्लेयरने स्वतःच या वाटेवर पुढे मजल मारली. त्यांचा १९८६चा अल्बम ‘रेन इन ब्लड’ जेमतेम एकोणतीस मिनिटांचा आहे आणि या ईपीत जे हाताला लागतं ते तिथे पुरेपूर मिळतं. मर्सिफुल फेटच्या ईपीला मात्र पर्याय नाही.

अर्थात, तो उंच आवाज काहींना अजिबात सोसत नाही. पहिल्या दोन मिनिटांत कान मिटावेसे वाटले तर हट्ट करू नका, स्लेयर लावा. ज्यांचं लक्ष सुरापेक्षा आधी ठेक्याकडे जातं, त्यांनीही तीच घ्यावी. वेगापेक्षा वजन आवडत असेल तर स्विस बँड सेल्टिक फ्रॉस्टची ‘मॉर्बिड टेल्स’ आहे, तीही १९८४चीच. पण ती या दोन्हींनंतर.

सैतान दोन्हीकडे आहे. किंग डायमंडसाठी तो विचाराचा भाग होता, तर अराया स्वतः कॅथलिक आहे. हा विषयच खटकत असेल तर दोन्ही राहू द्या. ‘नन्स हॅव नो फन’चे शब्द मलाही बटबटीत वाटतात, या ईपीतलं तेवढं एक गाणं मी पुष्कळदा गाळतो.

मर्सिफुल फेटची ही चारही गाणी ‘द बिगिनिंग’ या १९८७च्या संग्रहात आहेत, तो घेतला तरी चालेल. स्लेयरच्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये ‘अ‍ॅग्रेसिव्ह परफेक्टर’ हे चौथं गाणं जोडलेलं असतं. पहिल्या वेळी तिसऱ्याला थांबा, मूळ तबकडी तिथेच संपायची. आणि ‘अ कॉर्प्स विदाउट सोल’ रात्री, हेडफोन लावून ऐका. लय उतरते ती जागा येईपर्यंत आवाज कमी करू नका.