शुक्रवार बंद दिसला आणि मी भुललो

लिहायला लाज वाटते. वागळे इस्टेटमध्ये माझं मशीन शॉप आहे, पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं), दोन पाळ्या. आणि मला पंचविशीतल्या पोराने १,१८,००० रुपयांना टोपी घातली. शेड्युलिंग सॉफ्टवेअर, म्हणजे कुठलं काम कधी पुरं होईल ती तारीख काढणारं, ते बसवायचे एक लाख, वर १८ टक्के जीएसटी. सगळे आगाऊ. (हो, आगाऊ. घरी ऐकून झालंय.)

काम काय, तर आमचं कॅलेंडर भरून द्यायचं. शुक्रवार सुट्टी, रविवार चालू, नाईट रात्री १० ते सकाळी ६, गणपतीत अर्धी माणसं कोकणात. आधी आठवड्याचा साचा, त्यावर सुट्ट्या आणि ओव्हरटाइमचे अपवाद. ते चुकलं की पुढची प्रत्येक तारीख खोटी.

२०२५ च्या जूनअखेर त्याने लॅपटॉप उघडला. ४ जुलैचा आठवडा, शुक्रवार करडा. "बघा साहेब, तुमचा शुक्रवार बंद टाकला." मी खूश. अहो, ४ जुलै ही अमेरिकेची सुट्टी! तयार डेमोतली. ती नेमकी शुक्रवारी आली, एवढीच त्याची पुण्याई. शनिवार-रविवारही करडे होते. विचारलं मी, आंधळा नाही. "ते नंतर उघडतो." पुढचा आठवडा बघायला एक क्लिक लागला असता. एक! ११ तारखेचा शुक्रवार चालू दिसला असता. पण दारात टेम्पो, हातात दोन फोन, कोण बघतं? तुमच्या गणपतीचा आठवडा उघडून दाखवल्याशिवाय चेकवर सही करू नका. नाईट पाळी मध्यरात्री तारीख बदलली की तुटते का, तेही बघा.

जुलैत तारखा हुकल्या तर म्हणाला, "सॉफ्टवेअर अजून शिकतंय." गणपती २७ ऑगस्टला बसले. सॉफ्टवेअरने डिस्पॅच दिला २९ चा, शुक्रवार! मी ती तारीख पार्टीला लेखी कळवली होती. उशिराचे ४२,५०० कापले. मग स्क्रीनच बंद. ट्रायल संपली होती, लायसन्स घेतलंच नव्हतं. लायसन्स स्वतःच्या नावावर घ्या.

पोलिसांकडे गेलो. "हे दिवाणी प्रकरण, वकील गाठा." दुसऱ्या खेपेला साहेब विसर्जनाच्या बंदोबस्तात. तिसऱ्यांदा हवालदार म्हणतो, "कॅलेंडरला लाख रुपये? आमच्याकडे भिंतीवर फुकट टांगलंय." चार माणसं हसली. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. बिलावरचा जीएसटी नंबर १४ अक्षरी निघाला, असतो १५. पोर्टलवर फुकट तपासता येतो, मी नंतर तपासला. हेही पोलिसांना दाखवलं, तर म्हणे टायपिंगची चूक असेल. वा! चोराची वकिली पोलिसांनीच करायची, तर आम्ही दिवाणीत कोणाला उभं करायचं?

अर्जाची पोच मात्र शिक्क्यासकट घेतली आहे. सोमवारी चौथी खेप.