एसआरजीबी की अडोबी आरजीबी?

एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी म्हणजे फोटोतले रंग आकड्यांत मांडायच्या दोन पद्धती, अर्थात कलर स्पेस. खानापुरातल्या एका लग्नाचे हळदीचे फोटो मी अडोबी आरजीबीतच पाठवून दिले. मोबाइलवर हळद फिकी, शालू मरगळलेला! कॅमेरा निर्दोष होता. फोटोसोबतचं प्रोफाइल (आकडे कोणत्या कलर स्पेसचे ते सांगणारी खूण) न वाचणारं अ‍ॅप सगळे आकडे एसआरजीबीचेच समजतं.

१९९६ चं एसआरजीबी रंगांच्या आवाक्यात आटोपशीर. मोबाइल, वेब, बेळगावातल्या अल्बमवाल्यांकडेही मी तेच देतो. १९९८ चं अडोबी आरजीबी हिरव्या-निळसर छटांत ऐसपैस. जांबोटीच्या पावसाळी रानाचा मोठा इंकजेट प्रिंट काढायचा तर ते कामी येतं. पण स्क्रीनलाही तेवढे रंग दाखवता यायला हवेत आणि एडिटिंग हवं १६ बिटमध्ये (रंगांच्या जास्त बारीक पायऱ्यांत), नाहीतर आभाळात पट्टे उमटू शकतात.

रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढत असाल तर कॅमेऱ्यातली निवड गौण. शेअर करताना मात्र एसआरजीबीत 'कन्व्हर्ट' करा (रंग तोच ठेवून आकडे बदलतात), 'असाइन' नव्हे (आकडे तेच राहून नुसती खूण बदलते). माझी हळद तिथेच दोनदा फसलीय.