फ्रेंच तोफगोळ्यांच्या पितळी फुलदाण्या : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधील लील येथील जुन्या बाजारातून मी पहिल्या महायुद्धातील ७५ मिलिमीटर तोफेच्या दोन पितळी पुंगळ्या घेतल्या. गोळा डागल्यावर मागे उरणाऱ्या अशा पुंगळ्यांवर नक्षी करून घडवलेल्या वस्तूंना ‘ट्रेंच आर्ट’, म्हणजे खंदकातली कला, म्हणतात. तेव्हापासून ही जोडी दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर उभी आहे आणि या खरेदीचे मला पूर्ण समाधान आहे. मात्र निगा राखताना माझ्या हातून एक चूक झाली.

दोन्हींवर ओकची पाने उठावात काढलेली असून त्यांखाली ‘व्हर्दुन १९१६’ असे, म्हणजे फ्रान्समधील त्या साली झालेल्या मोठ्या लढाईचे नाव, कोरले आहे. उलटी करून पाहिल्यास तळावर तोफेचा आकडा, कारखान्याची खूण आणि १९१५ हे साल दिसते. अर्थात ते साल पुंगळीचे आहे. नक्षी केव्हा झाली, हे तळावरून कळत नाही. असे ठोकाकाम स्थिर हाताने व हत्यारे मांडूनच करावे लागते, त्यामुळे पुष्कळसे नग खंदकात नव्हे, तर पिछाडीच्या कार्यशाळांत आणि युद्धानंतर रणभूमी पाहायला येणाऱ्यांसाठी घडले. ‘खंदकातली’ म्हणून कोणी जास्त किंमत मागितली, तर हे लक्षात असू द्यावे. माझ्या लेखी त्याने मोल घटत नाही. एका पानाजवळ कारागिराचा हात घसरल्याची बारीक रेघ आहे आणि संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती दिसली की मी हमखास थांबतो.

दिवाळीत घरच्या सवयीने मी यातील एक फुलदाणी चिंच-मिठाने घासली. समईला शोभणारी ती लकाकी इथे घातक ठरली : पानांच्या शिरांत साचलेली तपकिरी झाक गेली, उठाव सपाट दिसू लागला आणि आम्लाने जस्त आधी खाल्ल्यामुळे पितळ जागोजागी तांबूस पडले. आता मी कोरडे मऊ फडके आणि क्वचित थोडे मेण एवढेच वापरतो. अमोनिया असलेले पॉलिश तर कटाक्षाने टाळावे, कारण ठोकून ताण साठलेल्या पितळाला त्याने तडे जातात. ब्रिटिशकालीन भारतात पावसाळ्यात पागांमध्ये ठेवलेली पितळी काडतुसे घोड्यांच्या मुतातील अमोनियामुळे अशीच तडकत असत.

पुंगळीत थेट पाणी घालू नये, आत कळंक चढतो; मी काचेची नळी ठेवतो, बहुधा वाळलेल्या गव्हाच्या ओंब्यांसाठी. विकत घेण्यापूर्वी बुडातील प्रायमर (दारू पेटवणारी स्फोटक टोपी) उडालेला किंवा काढलेला असल्याची खात्री मात्र करून घ्यावीच.

घासलेल्या फुलदाणीच्या खांद्यावर झाक हळूहळू परतू लागली आहे. पानांच्या शिरा मात्र अजून उजळच आहेत.