सॅनडिस्क मॅक्स एन्ड्युरन्स ६४ जीबी: ३०,००० तास, पण कशाचे?

या मायक्रोएसडी कार्डाला कंपनी ३०,००० तास देते. हे तास व्हिडिओ रेकॉर्डिंगचे आहेत. २६ एमबीपीएसचा (सेकंदाला २६ मेगाबिट) फुल एचडी व्हिडिओ तासाला ११.७ जीबी खातो, म्हणजे एकूण साधारण ३५१ टीबी. अख्खं कार्ड साडेपाच हजार वेळा भरल्यासारखं. सीसीटीव्हीसाठी डोळे झाकून घ्या. ४ एमबीपीएसचा कॅमेरा दिवसाला ४३ जीबी लिहितो. या वेगाने कार्डाआधी कॅमेराच भंगारात जाईल.

रास्पबेरी पाय या छोट्या, कार्डावरून चालणाऱ्या लिनक्स संगणकाचं गणित वेगळं. सेन्सरचं २०० बाइटचं रीडिंग दर सेकंदाला लिहिलं तर दिवसाचे जेमतेम १७ एमबी. पण कार्डातल्या फ्लॅश मेमरीत आहे त्या जागी खोडून लिहिता येत नाही, आधी पूर्ण ब्लॉक, म्हणजे मेमरीचा मोठा तुकडा, मिटवावा लागतो. कार्डातल्या कंट्रोलर चिपने दर वेळी ४ एमबी हलवले तर तेच १७ एमबी दिवसाला ३४५ जीबी होतात आणि कार्ड तीनेक वर्षांत संपतं. हा सगळ्यात वाईट हिशेब झाला. चांगला कंट्रोलर बारीक नोंदी साठवून एकदम लिहितो, पण किती साठवतो ते बाहेरून कळत नाही. एसएसडीची झीज स्मार्टक्टल (smartctl) या कमांडने वाचता येते, तशी सोय इथे नाही.

म्हणून कार्ड बसवल्यावर लगेच एफएसटॅब (/etc/fstab) या फाइलमध्ये नोएटाइम (noatime) घाला, म्हणजे फाइल नुसती वाचली तरी होणारी वेळेची नोंद थांबते. स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली की कार्डावर लिहिणं, बंद करा. सिस्टीमच्या जर्नलचे लॉग रॅममध्ये ठेवा. होम असिस्टंट हे स्मार्ट घराचं सॉफ्टवेअर असेल तर त्याच्या रेकॉर्डरचा कमिट इंटरव्हल, म्हणजे नोंदी कार्डावर लिहिण्यातलं अंतर, मूळ ५ सेकंदांचा असतो, तो ३० करा. वीज गेली तर शेवटच्या अर्ध्या मिनिटाच्या नोंदी जातील, एवढाच तोटा. वीज जाताना फाइल सिस्टीम बिघडते, त्यावर मात्र कार्डाच्या एन्ड्युरन्सचा (टिकाऊपणाचा) काही उपाय नाही. तिथे छोटा यूपीएसच लागतो.

कार्ड मरतं तेही गुपचूप. फाइल सेव्ह झाल्यासारखी दिसते, रीबूट केलं की जुनीच परत हजर! शंका आली की एक फाइल लिहा, सिंक (sync) कमांड द्या, रास्पबेरी पाय बंद करून कार्ड दुसऱ्या मशीनवर बघा. डीमेसेज (dmesg) या कमांडच्या नोंदींत एमएमसीच्या (mmc, म्हणजे कार्डाच्या) नावाने उणे ११० (-110) एरर दिसू लागली तर आधी बॅकअप, बाकी नंतर.

नकली माल भरपूर आहे. एफ-थ्री (F3) या तपासणी प्रोग्रामने कार्ड काठोकाठ भरून परत वाचा. नुसतं भरायलाच अर्धा तास लागतो. रास्पबेरी पायच्या स्वतःच्या स्लॉटमध्ये उत्पादक क्रमांकही वाचता येतो, सॅनडिस्कचा ३ येतो. यूएसबी रीडरमधून तो दिसत नाही.

३२ जीबीच्या वाटेला जाऊ नका, तास थेट निम्मे, १५,०००. वॉरंटीसाठी बिलाचा फोटो काढून ठेवा, थर्मल कागद हळूहळू कोरा होतो. आणि डेटाबेस दिवसरात्र चालणार असेल तर या कार्डावरून फक्त बूट करा, डेटा यूएसबी एसएसडीवर टाका.