क्लासिक वॉव (वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट) मधला वॉरलॉकचा फिअर: लेव्हल ६० पर्यंत वापरून झाल्यावर

परवा परत तेच. स्कार्लेट मोनॅस्ट्री या डंजनच्या (ग्रुपने मिळून साफ करायची जागा) ग्रुपमध्ये आले, बाकीच्यांना समन करून देणार (जादूने जवळ बोलावणार) तेवढ्यात टँकने (पुढे राहून मार झेलणाऱ्याने) चॅटमध्ये टाकलं, "लॉक, फिअर मारायचा नाही." लॉक म्हणजे मी, वॉरलॉक, आणि फिअर म्हणजे शत्रूला घाबरवून पळवणारा आमचा स्पेल. अजून पहिला पुलसुद्धा (शत्रूंना अंगावर ओढणं) झाला नव्हता. प्रत्येक डंजनला हेच ऐकून डोकं फिरलंय, म्हणून आता सविस्तर लिहितेच. दिवाळीपासून अनडेड वॉरलॉक खेळतेय, १.१२ वाल्या क्लासिकवर, ही माझी दुसरी, पहिली ६० ला पोचली आणि दर महिन्याला सबस्क्रिप्शनचे पैसे जातात त्यामुळे प्रत्येक स्पेल पुरेपूर वसूल करायची सवय आहे मला.

सोलोला फिअरला तोड नाही, हे आधीच सांगते. लेव्हल ८ ला मिळतो तेव्हा १० सेकंद, ३२ ला १५ आणि ५६ ला २०. कास्ट दीड सेकंदाचा. करप्शन लावा, अ‍ॅगनी लावा, फिअर मारा, मॉब (गेमने चालवलेला शत्रू) पळतोय तोवर डॉट (हळूहळू नुकसान करणारे हे दोन स्पेल) त्याला खातायत आणि तुमच्या अंगाला हात लागलेला नाही. दोन मॉब एकदम आले तर एकाला पळवायचं, दुसऱ्याला संपवायचं. पोशन नाही, बँडेज नाही, आणि मरत नाही म्हणून रिपेअरचं बिलपण नाही (प्रत्येक मरणाला अंगावरच्या गिअरची १०% ड्युरॅबिलिटी जाते, हे गोल्ड कुणी धरतच नाही हिशोबात). डॉटच्या डॅमेजने फिअर मधेच तुटू शकतो हे खरंय, पण मोकळ्या मैदानात तेवढं चालतं.

माझा राग एकाच गोष्टीवर आहे, मॉब कुठे पळणार हे तुमच्या हातात नाही. बाकी सगळं माफ, हे नाही. स्पेलची रेंज २० यार्ड, पण पळणारा मॉब काही २० यार्डावर थांबत नाही ना, तो गुहेत, कॉरिडॉरमध्ये सरळ पुढच्या टोळक्यात जाऊन घुसतो आणि येताना त्यांना घेऊन येतो. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे तुम्ही ट्रेनरला गोल्ड मोजून वरची रँक घेता ती आतल्या जागेत उलट जास्त त्रास देते, १० सेकंद पळणारा निदान जवळपास असतो, २० सेकंद पळणारा कुठे जाईल देवाला माहीत. मेज या जादूगार क्लासच्या पॉलिमॉर्फमध्ये मॉब मेंढी होऊन तिथल्या तिथे फिरत राहतो, रोग या चोरट्या क्लासचा सॅप झालेला जागचा हलत नाही, म्हणून ग्रुपला ते हवे असतात आणि आमच्याकडे बघून आधीच दम देतात.

परवा मोनॅस्ट्रीच्या कॅथेड्रल भागात हीलर पडला, टँकवर तीन जण, आणि एक अ‍ॅबट मागे उभा राहून बाकीच्या शत्रूंना हील करतोय. त्याला फिअर मारला नसता तर तो हील थांबवणार कोण होतं? मारला, तो बागेतून धावत सुटला आणि दोन नवीन गडी घेऊन आला. वाइप, म्हणजे सगळा ग्रुप मेला. सगळ्यांनी मला सुनावलं. त्या क्षणी दुसरा काय उपाय होता ते कुणीच सांगितलं नाही.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि शेवटी 'डंजनसाठी बेकार' असंच लिहिणार होते, पण मधल्या आठवड्यात गिल्डमधल्या एका जुन्या लॉकने कर्स ऑफ रेकलेसनेस हा शाप वापरून दाखवला आणि माझं मत बरंच बदललं. हा कर्स आपण एरवी हेल्थ कमी झाल्यावर पळणाऱ्या ह्युमनॉइडला थांबवायला लावतो. तोच फिअर झालेल्या मॉबवर लावा, तो पळायचा थांबून परत तुमच्याकडे वळतो. दोन पावलं जवळ आला की त्यावर दुसरा कर्स टाका, एका लॉकचा एका मॉबवर एकच कर्स टिकतो त्यामुळे रेकलेसनेस उडतो आणि उरलेल्या फिअरमध्ये तो पुन्हा पळतो. असं मागे-पुढे करत एक मॉब छान ताब्यात ठेवता येतो. रँक १ चाच वापरा, मॅना कमी लागतो आणि मॉबची अ‍ॅटॅक पॉवरपण कमी वाढते, कारण हा कर्स मॉबचा मार वाढवतो हे विसरू नका. रात्री नऊनंतर आमच्याकडे नेट रडतं तेव्हा मात्र हे जमत नाही, कर्स लागेपर्यंत मॉब पार पुढच्या वळणावर.

पीव्हीपीचं (खेळाडूविरुद्ध खेळाडू) थोडक्यात. एकाच खेळाडूवर पहिला फिअर पूर्ण वेळ टिकतो, दुसरा निम्मा, तिसरा पाव, चौथा लागतच नाही, मग थोडा वेळ थांबा. समोर वॉरियर असेल तर बर्सर्कर रेज आली (तेवढ्यापुरता तो फिअरला बधत नाही) की कास्ट वाया. आणि समोरच्या अलायन्स बाजूकडे ड्वार्फ प्रीस्ट असेल तर आधीच फिअर वॉर्ड लावलेला असतो, तो उडवायला एक फिअर घालवावा लागतो.

स्वतःवर फिअर आला की काय होतं ते ऑनिक्सिया या ड्रॅगनकडे कळतं. ४०% हेल्थच्या खाली ती खाली उतरून गर्जना करते आणि रेडमधले (मोठ्या ग्रुपमधले) लोक सैरावैरा पळतात, कुणी व्हेल्पच्या (ड्रॅगनच्या पिल्लांच्या) अंड्यांकडे गेला तर नवीनच संकट. तिथे आमच्या शमनचा फिअर घालवणारा ट्रेमर टोटेम नसेल तर अवघड आहे. अनडेड म्हणून माझ्याकडे विल ऑफ द फोरसेकन आहे, दोन मिनिटांनी एकदा, ५ सेकंद फिअर चालत नाही, आणि नुसत्या या एका गोष्टीसाठी मी दुसऱ्या वेळीसुद्धा अनडेडच बनवली.

नवीन लॉक बनवणार असाल तर खुशाल बनवा, ४० ला बाकीचे बहुतेक क्लास घोड्यासाठी शंभराच्या घरात गोल्ड जमवत बसतात तेव्हा तुम्हाला फेलस्टीड हा घोडा जवळपास फुकट मिळतो. फक्त रेकलेसनेस रँक १ आजच फिअरच्या शेजारच्या बटणावर आणून ठेवा, आणि टँक "फिअर नको" म्हणाला तर त्याला एक पुल करून दाखवायची परवानगी मागा. मी काल मागितली, त्याने दिली, आणि मोनॅस्ट्रीची लायब्ररी एकही वाइप न होता पूर्ण झाली.